सहाशे नियमांतला एक आणि बाबांचे अठरा लाख

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"काका, नमस्कार. मी इंदूरचाच, सुदामानगरात राहतो. वय २६. सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत नोकरी आहे. गेलं वर्षभर रात्री बसून पायथॉनमध्ये एक ट्रेडिंग मॉडेल केलं. बँक निफ्टी या बँकांच्या शेअरच्या निर्देशांकावरच्या साप्ताहिक ऑप्शनचा, म्हणजे आठवड्याने मुदत संपणाऱ्या खरेदी-विक्रीच्या हक्कांचा, २०२१ ते २०२३ चा मिनिटामिनिटाचा डेटा घेतला. दोन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, एक स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायची मर्यादा, आणि मुदतीच्या दिवशी दुपारनंतरची वेळ, यांच्या सुमारे सहाशे जोड्या तपासल्या. सगळ्यांत चांगल्या जोडीचा शार्प रेशो, म्हणजे जोखमीच्या मानाने मिळणारा परतावा, १.९ आला. तोच नियम आता निफ्टीवर चालवायचा आहे. बाबा याच वर्षी वीज मंडळातून निवृत्त झाले, सगळे मिळून ३२ लाख आलेत. त्यातले १८ मी मागतोय. बाबा 'बघू' म्हणतात. आई ऐकूनच घेत नाही, तिचे वडील मिलमध्ये होते. चार मित्र दोन-दोन लाख द्यायला तयार आहेत. नोकरी सोडून हेच करावं का? आईला कसं पटवू? आणि एक सांगायचं राहिलं. मला मार्केट हा विषयच मनापासून आवडतो. कॉलेजात बाजाराचं एक छोटं सिम्युलेशन केलं होतं, खोटे ग्राहक आणि खोटे विक्रेते घेऊन. नंतर कोणी विचारलं नाही. त्याचं काही होऊ शकतं का?"

काका म्हणालास, तेव्हा एकेरीतच लिहितो. निर्णय आधी सांगतो, कारणं मागून. बाबांचे पैसे घेऊ नकोस. मित्रांचे तर मुळीच नको. या नियमाच्या भरवशावर नोकरीही सोडू नकोस. आणि तू जे शेवटी भीत भीत विचारलंस त्याचं उत्तर मात्र हो आहे. त्याचं बरंच काही होऊ शकतं, आणि ते आपल्या इंदूरात बसून सुरू करता येतं.

आधी ते सहाशे. आकडा तू स्वतःहून लिहिलास हे फार बरं केलंस, कारण मेख तिथेच आहे. समज, तुझ्या सहाशे जोड्यांपैकी एकीतही काही दम नाही, सगळ्या निव्वळ नशिबावर चालतात. तीन वर्षांच्या डेटावर अशा नियमाचा वार्षिक शार्प रेशो शून्याभोवती विखुरतो, आणि विखुरण्याचं प्रमाण साधारण ०.५८ असतं, म्हणजे एक भागिले तीनचं वर्गमूळ. असे सहाशे आकडे काढून त्यातला सर्वांत मोठा उचलला, तर तो सरासरीने १.८ च्या आसपास येतो. तुझा १.९ आहे. म्हणजे काहीही अक्कल नसलेल्या सहाशे नियमांच्या शर्यतीत जो पहिला येईल, त्याच्या जवळपास तू उभा आहेस. तुझे नियम एकमेकांचे भाऊबंद आहेत, वीस मिनिटांची सरासरी आणि बावीस मिनिटांची यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे नशिबाचा पल्ला १.८ पेक्षा कमी धरायला हवा हे खरं. पण किती कमी, हे तपासल्याशिवाय १.९ ला काही अर्थ देता येत नाही. डेव्हिड बेली आणि मार्कोस लोपेझ दे प्रादो यांनी २०१४ मध्ये नेमकी हीच दुरुस्ती मांडली: शार्प रेशो सांगताना किती प्रयत्नांतून तो निवडला हेही सांगायचं आणि त्या प्रमाणात तो खाली आणायचा.

हे तपासणं तुला अवघड नाही. मिनिटामिनिटाच्या हालचालींचा क्रम विस्कटून टाक, म्हणजे मागचा-पुढचा संबंध उरणार नाही. त्या खोट्या बाजारावर सहाशेच्या सहाशे जोड्या पुन्हा चालव आणि पहिल्या आलेल्या जोडीचा आकडा लिहून ठेव. असं दोन-तीनशे वेळा कर. त्यात १.९ किंवा त्याहून मोठा आकडा वरचेवर दिसला, तर तुझ्या हातात नियम नाही, नशीब आहे. ऑप्शनच्या किमतींवर हे करणं किचकट जाईल, म्हणून आधी नुसत्या निर्देशांकावर करून बघ.

दुसरं एक बघ. मिनिट संपल्यावर त्याचा बंद भाव कळतो, त्यावरून तुझा नियम 'घे' म्हणतो. मग खरेदी कोणत्या भावाने धरलीस? त्याच बंद भावाने धरली असशील तर जो भाव हातातून निघून गेला त्याला तू माल घेतोयस. मुदतीच्या दिवशी दुपारी ऑप्शनचा भाव एका मिनिटात कुठल्या कुठे जातो. खरेदी पुढच्या मिनिटाच्या भावाला धर, त्यातही घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातलं अंतर स्वतःच्या खिशातून घाल, आणि मग काय उरतं ते बघ. ऑप्शन विकताना लागणारा एसटीटी हा व्यवहार कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला, तो तुझ्या जुन्या डेटात असणार नाही.

आता बाजाराकडे येतो. ज्या बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनवर तू नियम घडवलास, ती आता अस्तित्वातच नाहीत. सेबीने एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवायला सांगितली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. करारांचं किमान मूल्य वाढवून १५ लाख केलं. निफ्टीची मुदत सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवारी आली. हे बदल किरकोळ वाटतील, पण दुपारी कोण बाजारात येतं, किती पैसा आणतं आणि कशाला घाबरतं, हे सगळं त्यांनी बदललं. आणि तुझ्या तीन वर्षांत ३ आणि ४ जून २०२४ सारखे दिवस नाहीत. एक्झिट पोलनंतर निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढला आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू असताना जवळपास ६ टक्के कोसळला. २३ मार्च २०२० चा, सेन्सेक्स १३ टक्के पडला तो दिवसही तू घेतलेला नाहीस.

त्याहून मोठी गोष्ट सांगतो. सेबीने जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग समूहावर आरोप केला, की मुदतीच्या दिवशी बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर, म्हणजे वायदे, एका दिशेने हलवायचे आणि ऑप्शनमध्ये उलट बाजूने कमवायचं, असं त्यांनी केलं. ४,८४३ कोटींहून अधिक रक्कम जप्त करायचा आदेश होता. समूहाने आरोप नाकारलेत आणि प्रकरण वादात आहे, त्यामुळे दोष कुणाचा हे मी ठरवत नाही. पण सेबीने तपासलेला काळ जानेवारी २०२३ पासूनचा आहे, आणि तुझ्या डेटाचं शेवटचं वर्ष २०२३ आहे. मुदतीच्या दिवशीची जी दुपारची लाट तुझ्या नियमाला सापडली, ती बाजाराचा स्वभाव होता की कुणा मोठ्या हाताची हालचाल, हे भावाच्या रेषेकडे बघून तुला कधीच कळणार नाही. नियमाने रेष पाठ केली. ती रेष काढणारे कोण, हे त्याला माहीत नाही.

आणि समोर कोण बसलंय तेही बघ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर-ऑप्शनचा तीन वर्षांचा, २०२१-२२ ते २०२३-२४ चा, अभ्यास जाहीर केला. एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा फक्त एक टक्का लोकांना झाला. त्याच अभ्यासात २०२३-२४ साठी आणखी एक आकडा आहे: परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी, म्हणजे स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या, ट्रेडर संस्थांच्या नफ्यातला ९६ टक्के अल्गोतून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांतून आला. तेव्हा 'माझ्याकडे अल्गो आहे' हा तुझा वरचढपणा नाही. ज्यांच्याकडून पैसे काढायचे म्हणतोस त्यांच्याकडे तो तुझ्या आधीपासून आहे, एक्स्चेंजच्या शेजारी ठेवलेल्या सर्व्हरवर.

मित्रांच्या पैशांबद्दल थोडक्यात. दुसऱ्याचा पैसा घेऊन तो बाजारात फिरवायचा तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते, आणि तिथे एका ग्राहकाची किमान रक्कमच ५० लाख आहे. दोन-दोन लाख घेऊन हे करणं कायद्यात बसत नाही, मैत्री कितीही जुनी असो. आपल्या इंदूरातल्या कित्येक टिप्स देणाऱ्या कंपन्यांवर सेबीने नोंदणी नसल्यामुळे कारवाई केली आहे. आपल्या गावाचं नाव त्यामुळे खराब झालं, आणि ते तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलांनीच सुधारायचं आहे.

आईला कसं पटवू, असं विचारतोस. पटवू नकोस. ती या हिशेबात तुझ्यापेक्षा पक्की आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी हाती पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. इंदूरातल्या ज्या घराने ते बघितलंय, त्याला एकरकमी पैसा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. अर्थशास्त्रही तिच्याच बाजूला आहे. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं, की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला जास्त होतं. नंतरच्या त्यांच्या मोजमापात ते दुपटीच्या पुढे होतं. याला पुष्कळ जण मनाचा कच्चेपणा समजतात. निवृत्त माणसाच्या बाबतीत तो कच्चेपणा नाही. अठरा लाखांचे नऊ झाले तर ते पुन्हा अठरा व्हायला शंभर टक्के नफा लागतो. तुला पुढे चौतीस वर्षांचा पगार आहे, बाबांना एकही नाही. तुझं मॉडेल दोघांचा रुपया सारखाच धरतं, आई धरत नाही.

बाबांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा फॉर्म आणून दे. पोस्टात मिळतो, दर तिमाहीला व्याज येतं, मर्यादा ३० लाखांची आहे. व्याजदर तिमाहीगणिक जाहीर होतो. एप्रिल २०२३ मध्ये तो ८.२ टक्के झाला, आज काय आहे ते खिडकीवर विचारून घे. 'बघू' म्हणणारे वडील बहुतेक वेळा मुलाचं मन मोडवत नाही म्हणून बघू म्हणतात. तूच विषय मागे घेतलास तर त्यांना केवढं हलकं वाटेल.

आता ज्यासाठी मला खरं तर हे पत्र लिहायचं होतं, त्या तुझ्या कॉलेजातल्या खोट्या बाजाराकडे येतो. त्यात तू भावाची रेष पाठ केली नव्हतीस. तू माणसं केली होतीस, त्यांना नियम दिले होतेस, आणि त्यांच्या व्यवहारातून भाव निघू दिला होतास. हा अभ्यास जगात गंभीरपणे चालतो, आणि त्यातलं एक फार सुंदर काम दोन भारतीय नावांचं आहे. धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी १९९३ मध्ये संगणकात असे ट्रेडर बसवले ज्यांना बुद्धीच नव्हती. ते मनाला येईल तो भाव बोलत. अट एकच होती, घेणाऱ्याने त्याच्या लेखी मालाची जी किंमत आहे तिच्यावर जायचं नाही आणि विकणाऱ्याने त्याच्या खर्चाखाली उतरायचं नाही. दोन्ही बाजूंनी बोली लागणाऱ्या लिलावात या निर्बुद्ध ट्रेडरनी एकूण मिळू शकणाऱ्या फायद्याच्या जवळजवळ शंभर टक्के फायदा मिळवला. बाजाराची जी हुशारी आपण माणसांच्या डोक्यात शोधतो, तिचा बराच भाग लिलावाच्या नियमात असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मी हे शिकवायचो तेव्हा वर्गात दरवेळी कुणीतरी विचारायचं, 'मग लिलावाचा नियम बदलला तर?' त्या प्रश्नाची वाट मी बघत असायचो.

दुसरं काम अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांचं, १९९४ चं. शंभर माणसं आहेत, एक बार आहे, साठपर्यंत लोक असले तर मजा येते, त्याहून जास्त झाले तर घरी बसलेलं बरं. प्रत्येकाने मागच्या आठवड्यांची गर्दी बघून अंदाज करायचा. तू हे आपल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारावर बसवून बघ. आज गर्दी नसेल असं सगळ्यांनाच वाटलं तर आज पाय ठेवायला जागा मिळणार नाही. गर्दी असेल असं सगळ्यांना वाटलं तर दुकानं ओस पडतील. म्हणजे सगळ्यांकडे असलेला अचूक अंदाज स्वतःलाच खोटा पाडतो. आर्थर यांच्या संगणकात माणसं आपापले अंदाजाचे नियम सतत बदलत राहिली, आणि तरी गर्दी साठच्या आसपास स्थिरावली. तुझा नियम निफ्टीवर का टिकणार नाही याचं खरं उत्तर यात आहे. तो चांगला असेल तर तो इतरांनाही सापडेल, आणि सापडला की संपेल.

आर्थर, जॉन हॉलंड, ब्लेक लबॅरन, रिचर्ड पामर यांनी अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत अख्खा शेअर बाजारच संगणकात उभा केला. त्यातले ट्रेडर आपले नियम सावकाश बदलत असले की भाव खऱ्या मूल्याच्या जवळ राहायचा. भराभर बदलायला लागले की फुगे येऊ लागत, घसरणी येऊ लागत, आणि अस्थिर दिवस अस्थिर दिवसांना चिकटून येत, अगदी खऱ्या बाजारासारखे. लाभांशाचे नेहमीचे चढउतार सोडले तर बाहेरून कसलीही मोठी बातमी न सोडता हे घडलं, हे लक्षात घे. उद्या निफ्टी कुठे असेल हे यातलं एकही मॉडेल सांगत नाही. ज्यांना तेवढंच हवं असतं ते इथेच निघून जातात. पण फुगा कशाने येतो, लिलावाचा कोणता नियम दुबळ्याला मारतो, सरकारी योजना आली की माणसं कशी वागतील, हे प्रश्न ज्याला पडतात त्याच्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. सगळ्या शेतकऱ्यांवर वर्षभर प्रयोग करून बघता येत नाही. संगणकातल्या पाचशेंवर एका रात्रीत हजार वेळा करता येतो.

आणि प्रयोग करण्यासारखा प्रश्न तुझ्या घरापासून थोड्या अंतरावर पडलेला आहे. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०१७ मध्ये भावांतर भुगतान योजना आणली. शेतकऱ्याने मंडीत नेहमीसारखं विकायचं, आणि फार तर हमीभाव व सरकारने काढलेला मॉडल भाव, म्हणजे मंड्यांत सर्वांत जास्त माल ज्या भावांना गेला त्यांची सरासरी, यांतला फरक सरकार खात्यात टाकणार. विक्री ठरावीक मुदतीतच व्हायला हवी. योजना सुरू झाली आणि सोयाबीनचे मंडीतले भाव खाली आले. मुदतीच्या आत सगळ्यांनीच माल आणल्यामुळे किती, आणि फरक सरकार भरणारच आहे म्हणून व्यापाऱ्यांनी बोली आखडती घेतल्यामुळे किती, यावर तेव्हाही वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. त्यात मॉडल भावाच्या खाली विकणाऱ्या शेतकऱ्याला मिळणारा फरक त्याच्या स्वतःच्या विक्रीवर ठरत नव्हता, मॉडल भावावर ठरत होता. त्यामुळे ज्याला मॉडल भावाच्या खाली विकावं लागलं त्याला दोन्हीकडून मार. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना योजना पुन्हा लागू झाली. म्हणजे हा इतिहास नाही, चालू प्रश्न आहे, आणि त्यावर लाखो घरांचं वर्ष अवलंबून आहे.

हे मॉडेल तू कर. पाचशे शेतकरी घे. प्रत्येकाला किती क्विंटल झालं, साठवायला जागा आहे का, सोसायटीचं कर्ज कधी फेडायचंय आणि मंडी किती लांब, एवढं दे. खरेदीदार आधी वीस ठेव, मग दहा, मग तीन. प्लांटवाल्यांचा, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यांचा, भाव बाहेरून दे. मंडीच्या लिलावात बोली फक्त घेणारे लावतात, शेतकरी हो किंवा नाही म्हणतो, तेव्हा गोडे-सुंदर यांचा दुहेरी लिलाव जसाच्या तसा उचलू नकोस. आधी योजनेशिवाय चालव, मग योजना घालून. मग मुदत दोन महिन्यांऐवजी सहा महिने कर. मग मॉडल भाव सगळ्यांना सरसकट एकच न धरता त्या एका मंडीचा धर. भाव पडण्यातला किती भाग गर्दीचा आणि किती आखडलेल्या बोलीचा, याचा अंदाज तुला यायला लागेल, आणि तो वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंकडे आज नाही. अ‍ॅगमार्कनेटवर मंडीनिहाय रोजची आवक, किमान, कमाल आणि मॉडल भाव मोफत मिळतात. २०१७ च्या आधीचे हंगाम आणि नंतरचे, दोन्ही घे. सोयाबीनचे वायदे सेबीने २० डिसेंबर २०२१ ला थांबवले आणि ती मुदत पुढे वाढत गेली, तेव्हा त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे भाव एकाच टोपलीत घालू नकोस.

एक धोका आधीच सांगतो, कारण तुझा स्वभाव सहाशे जोड्या तपासण्याचा आहे. अशा मॉडेलला बटणं फार असतात. शेतकऱ्याची घाई थोडी वाढव, व्यापाऱ्याची साठवण थोडी कमी कर, की हवा तो आलेख मिळतो. मग तो २०१७ शी जुळला म्हणून आनंद व्हायला नको. घाई किती, साठवण किती, हे आकडे आधी बाहेरून आण, वहीत लिहून टाक, आणि मग मॉडेल चालव. एका हंगामावर जुळवलंस तर दुसऱ्या हंगामावर हात न लावता तपास. न जुळलेले निकालही ठेव. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी चुकलेले निकाल जपून ठेवले, त्यांच्याच कामावर पुढे कुणी विश्वास ठेवला.

साधनांना पैसा लागत नाही. अशी मॉडेलं करायचं नेटलोगो हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आठवड्यात हात बसतो. पायथॉन येत असल्यामुळे तू थेट त्यातली मेसा ही लायब्ररी घेतलीस तरी चालेल. पुढे मन लागलं तर रीतसर शिक्षणाचा विचार कर. मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढली, पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. आयआयटी आणि आयआयएम तर आपल्या इंदूरातच आहेत, तिथल्या प्राध्यापकांना तुझं चालतं मॉडेल दाखवून वेळ मागितलीस तर नुसत्या मार्कांपेक्षा ते जास्त बोलेल. पण ते वर्षभरानंतर. तोवर नोकरी ठेव. रात्रीचे जे तास आजवर बँक निफ्टीला दिलेस, ते याला दे.

सुरुवात छावणीच्या मंडीपासून कर. सोयाबीनची आवक चढते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, तेव्हा सुट्टीच्या दिवशी नाही, लिलावाच्या दिवशी जा, त्यासाठी एक रजा टाक. सकाळी लवकर पोच. तुलावटी म्हणजे माल तोलणारे, हम्माल, व्यापाऱ्यांचे मुनीम, सगळ्यांशी बोल, पण आधी ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याशी बोल. त्याला विचार: आज भाव पटला नाही तर माल परत नेणार का, आणि नेला तर पुन्हा किती दिवसांनी आणणार? डिझेलला किती जातात? या महिन्यात कुणाचे पैसे द्यायचेत? बोली लावणाऱ्याला विचार, किती भावाच्या वर तो हात काढून घेतो आणि तो आकडा त्याला सकाळी कोण सांगतं. पन्नास जणांची उत्तरं झाली की तुझ्या पाचशे शेतकऱ्यांना द्यायचे नियम तुझ्याकडे येतील. तेवढं झालं की मला पुन्हा लिही, वहीतल्या आकड्यांसकट.